राहुटीतली सुपारी आणि आपली जयंती

गुढीपाडवा जवळ आला की पुणे-नाशिक महामार्गावरच्या नारायणगावात कापडी राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर एका तमाशा फडाच्या नावाचा फलक असतो. आत एक टेबल, चार खुर्च्या, तारखांची वही आणि फडाचा मॅनेजर. बाहेर जीपगाड्या लागलेल्या. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे त्यातून उतरतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात आणि शेवटी एका ठिकाणी इसार देऊन आपल्या गावच्या जत्रेची तारीख पक्की करतात. याला सुपारी देणे म्हणतात. मुंबईच्या गुन्हेगारीच्या बातम्यांनी हा शब्द बदनाम केला. कलावंताच्या तोंडी तो आजही साधा कामाचा शब्द आहे.

पाडव्याच्या दिवशी तिथे सर्वाधिक करार होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कोटींच्या उलाढालीची बातमी येते. बातमी तिथेच संपते. त्या पैशातले किती कोणाच्या हाती जातात, हे कोणी छापत नाही.

जत्रेतल्या तमाशाविषयी आम्ही का लिहितो आहोत, असा प्रश्न वाचकांना पडेल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाचा गावदेवाच्या जत्रेशी संबंध उरलेला नाही, हे खरेच आहे. पण दरवर्षी एप्रिल महिन्यात आपणही हेच करतो. जयंती मंडळ गायन पार्टी ठरवते, इसार देते, स्टेज बांधते, पत्रिकेवर गायकाचा फोटो छापते. फरक एवढाच की यात्रा कमिटीला जाऊन बसायला नारायणगाव आहे. आपल्याला कुठेच जागा नाही. ओळखीच्या माणसाचा मोबाइल नंबर, यूट्यूबवरचे एखादे गाणे आणि मधला एजंट, यावर आपला सगळा व्यवहार चालतो. त्यामुळे नारायणगावचा बाजार कसा चालतो, त्यात काय घेण्यासारखे आहे आणि काय कदापि घेऊ नये, हे समजून घ्यायला हवे.

राहुटीत काय ठरते

तमाशाचे फड ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक पूर्णवेळ फड. त्यांचा स्वतःचा तंबू असतो, ट्रक असतात, शंभराच्या आसपास माणसे असतात. ते साधारण दसऱ्याला बाहेर पडतात आणि तिकीट लावून गावोगाव खेळ करतात. दुसरे हंगामी फड. ते जत्रांच्या दिवसांपुरते उभे राहतात. चैत्र-वैशाखात दोन्ही प्रकारचे फड सुपारीवर जातात, आणि वर्षभराची तूट भरून निघायची असेल तर ती याच दीड-दोन महिन्यांत. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास हंगाम आटोपतो.

म्हणजे अशोक विजयादशमी आणि बुद्धपौर्णिमा या आपल्या दोन मोठ्या दिवसांच्या मधोमध तमाशाचे सगळे वर्ष बसते. यामागे धर्म नाही, पाऊस आहे. पावसाळ्यात तंबू ठोकता येत नाही आणि शेतकऱ्याला वेळ नसतो. भिक्खूंचा वर्षावासही पावसामुळेच एका जागी ठरला. फिरणाऱ्या माणसाचे वेळापत्रक शेवटी आभाळच ठरवते.

राहुटीत पहिली गोष्ट ठरते ती तारीख. भाव तारखेवर असतो. चैत्री पौर्णिमा, त्यानंतरची अष्टमी अशा दिवशी शेकडो गावांत एकाच वेळी जत्रा असते, म्हणून त्या दिवसाची सुपारी मोठी. चार दिवस मागे-पुढे सरकले की तोच फड बऱ्याच कमी पैशात मिळतो. दुसरी गोष्ट फडाची ताकद. वग कोणता, सोंगाड्या कोण, ढोलकी कोणाची, लाइट कसे. आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न, पोरी किती? तिसरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची हजेरी. रात्रीचा खेळ झाल्यावर सकाळी पुन्हा गावासमोर नाचगाण्याचा कार्यक्रम होतो, त्याला हजेरी म्हणतात. रात्रभर जागलेल्या बाईला उन्हात परत उभे राहावे लागते. ते सुपारीतच धरलेले असते. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

यात चांगले काय, ते आधी सांगतो. फडमालक आणि गाव समोरासमोर बसतात. एका दिवसात दहा फडांचा भाव कळतो, त्यामुळे कोणाला फार फसवता येत नाही. मॅनेजरच्या वहीत सगळ्या तारखा एकाखाली एक असल्यामुळे आज या तालुक्यात, उद्या शेजारच्या तालुक्यात अशी वाट जुळवता येते. फडाच्या दृष्टीने ही वही म्हणजेच धंदा. रिकामा गेलेला दिवस आणि रिकामा धावलेला ट्रक हे दोन्ही त्याला बुडवतात.

जगात इतरत्रही हेच चालते. अमेरिकेतल्या ‘असोसिएशन ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स प्रोफेशनल्स’ या १९५७ साली स्थापन झालेल्या संस्थेचे संमेलन जानेवारीत न्यूयॉर्कला भरते. नाट्यगृहांचे चालक, महोत्सवांचे आयोजक आणि कलावंतांचे प्रतिनिधी तिथे एकत्र येतात. कलावंत आपल्या प्रयोगाचा छोटा तुकडा दाखवतात आणि पुढच्या वर्षाचे दौरे तिथे आखले जातात. जगभरच्या लोकसंगीतासाठी ‘वोमेक्स’ नावाचा असाच मेळावा १९९४ साली बर्लिनमध्ये सुरू झाला. तिथले स्टॉल चकचकीत असतील, पण काम राहुटीचेच आहे. प्रश्नही तोच आहे. स्टॉलचे भाडे आणि विमानाचे तिकीट ज्याला परवडते तोच दिसतो, बाकीचे बाहेर राहतात. म्हणून आता अशा मेळाव्यांत समावेशनाची चर्चा होते. फी कोणाला माफ करायची, प्रवासखर्च कोणाला द्यायचा, दिव्यांग कलावंत स्टेजवर कसा चढणार, निवड करणाऱ्या समितीत कोण बसणार.

आपल्याकडे हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जुना आहे.

कोण नाचले, कोण मालक झाले

तमाशा प्रामुख्याने महार, मांग आणि कोल्हाटी समाजाच्या कलावंतांनी जगवला. गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले आणि रात्री त्यांच्याच कलेसाठी गाव जमले. सातारा-सांगलीच्या मातीने तर या कलेला केवढी माणसे दिली. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. अण्णाभाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. काळू-बाळू सांगलीजवळच्या कवलापूरचे. विठाबाई नारायणगावकरांच्या कन्या मंगला बनसोडे यांचा फड कराडजवळच्या करवडीच्या नावाने ओळखला जातो.

पठ्ठे बापूराव जन्माने ब्राह्मण, मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांच्या फडाला ज्या आवाजाने आणि ज्या पावलांनी गर्दी खेचली ती पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महार समाजातली. बापूरावांचे नाव शाहिरीच्या इतिहासात ठळक आहे. पवळाचे नाव त्यांच्या नावामागे येते, बहुतेकदा प्रेमकथेतल्या पात्रासारखे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या प्रयोगांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकिकत चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपल्या समाजाच्या स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा नको, हे त्यामागचे कारण.

ही हकिकत आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण तिच्यात पवळा काय म्हणाली, हे कोठेही येत नाही. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवरच्या त्यांच्या २०२२ सालच्या इंग्रजी ग्रंथात हीच दुखरी जागा दाखवली आहे. जातीने या स्त्रियांना नाचायला लावले, मग त्याच नाचामुळे त्यांना अश्लील ठरवले आणि सन्मानाच्या शोधात निघालेल्या समाजानेही त्यांना बाजूला ठेवले. पाईक यांना २०२४ साली अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपल्या अनेक गटांत अभिनंदनाचे संदेश फिरले. पुस्तक किती जणांनी वाचले, हा वेगळा विषय.

बाबासाहेबांच्या नकाराचा अर्थ कला सोडा असा नव्हता. त्याचा पुरावा आंबेडकरी जलसा. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती यांनी १९३० च्या दशकात तमाशाचाच सांगाडा घेतला. ढोलकी, तुणतुणे, सवाल-जवाब, हास्यविनोद ठेवला, देवदेवतांचे आणि शृंगाराचे भाग काढले आणि त्या जागी पाणवठा, शिक्षण, सावकारी, व्यसन हे विषय आणले. त्यामागे सत्यशोधक जलशांची परंपरा होती, जिचे सातारा जिल्हा हे मोठे केंद्र होते. अण्णाभाऊंनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे केले आणि त्याच सांगाड्यात कामगाराचा प्रश्न मांडला. वामनदादा कर्डक तर आयुष्यभर गावोगाव फिरत राहिले. आजची गायन पार्टी या सगळ्यांची वारस आहे.

एक मात्र खटकते. जलशाने आशय बदलला, पण त्याच्या सुरुवातीच्या काळात स्टेजवर पुरुषच होते. बाईला नाचवायचे नाही, हे ठरले. बाईला गाऊ द्यायचे, बोलू द्यायचे, मालक होऊ द्यायचे, हे ठरायला फार वेळ लागला. उलट ज्या तमाशाला आपण नावे ठेवली तिथे विठाबाई, कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे अशा स्त्रिया फडाच्या मालक झाल्या. आपल्या जयंतीच्या पत्रिकेवर आज गायिकेचे नाव मोठ्या अक्षरात असते. पार्टीचा मालक कोण, बिदागी कोण मोजून घेतो, असे विचारले तर बहुधा पुरुषाचे नाव निघते.

उचल

फडात कामाला येणारा कलावंत हंगामाआधी मालकाकडून रक्कम घेतो. तिला उचल म्हणतात. घरचे लग्न, आजारपण, पावसाळ्यातले चार रिकामे महिने यासाठी ती लागतेच. मालक ती सावकाराकडून किंवा फायनान्सवाल्याकडून व्याजाने आणतो. म्हणजे पाडव्याला राहुटीत बसलेला मॅनेजर गावाशी घासाघीस करतो, तेव्हा त्याच्या पाठीमागे व्याजाचे मीटर चालू असते. तो भाव पाडून सुपारी घेतो आणि पडलेला भाव शेवटी नाचणाऱ्या बाईच्या, ढोलकीवाल्याच्या, तंबू ठोकणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतो.

उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नसेल तर त्याला काय म्हणायचे? ऊसतोड मजुरांच्या बाबतीत आपण हा प्रश्न विचारतो. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा अगदी स्पष्ट आहे: आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे काम सोडून जाण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले, तर ती वेठबिगारी. प्रत्येक फड असा असतो असे आम्ही म्हणत नाही. कित्येक फडमालक स्वतःच कर्जाखाली पिचलेले आहेत आणि त्यातले बरेच आपल्यातलेच आहेत. पण कायद्याची ही ओळ कलावंताला माहीत असायला हवी.

विठाबाईंची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंतपण झाले आणि त्या परत स्टेजवर उभ्या राहिल्या. ही गोष्ट कलेच्या निष्ठेची म्हणून सांगितली जाते, टाळ्या पडतात. आम्हाला ती ऐकताना नेहमी वाटते की त्या रात्री प्रेक्षकांतले कोणीतरी उठून आजचा खेळ थांबवा असे म्हणायला हवे होते. मुंबई विधिमंडळात १९२८ साली स्त्री कामगारांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब उभे राहिले होते. ती रजा गिरणीतल्या बाईपर्यंत पोहोचली. फडातल्या बाईपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

आणि मग २०२० चा पाडवा आला. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. वर्षाच्या सगळ्यात मोठ्या व्यवहाराच्या दिवशी माणसांना घराबाहेर पडायची बंदी. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिल २०२१ ला, राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. लागोपाठ दोन हंगाम गेले. जयंतीही दोनदा घरातच झाली. आपण घरात दिवे लावले, फोटो टाकले. ज्यांचे वर्षाचे उत्पन्न त्या महिन्यावर होते त्या गायकांकडे, ढोलकपटूंकडे कोण गेले? काही ठिकाणी धान्याची पाकिटे गेली. ज्या मंडळांनी इसार दिला होता, त्यातल्या काहींनी तो परत मागितला. कागद कुठेच नव्हता, त्यामुळे चूक कोणाची हेही ठरवता आले नाही.

आमच्याच मंडळाची गोष्ट

दुसऱ्यांना बोलण्याआधी स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही जयंतीला एक गायिका बोलावली. सोबत ढोलक, बाजा, बेंजो आणि कोरसच्या दोन मुली. मिरवणूक लांबली. डीजेवाल्याने आपले सगळे पैसे दुपारीच मोजून घेतले होते, नाहीतर त्याने गाडी हलवलीच नसती. गाण्याचा कार्यक्रम सुरू व्हायला साडेनऊ वाजले. दहाला पोलीस आले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट मिळते, त्यांची यादी जिल्हाधिकारी काढतात. आम्ही जयंतीचा कार्यक्रम तीन दिवस पुढे ढकलला होता, त्यामुळे ती सूट आम्हाला नव्हती. हे आम्हाला माहीत नव्हते. अर्ध्या तासाच्या गाण्यावर कार्यक्रम संपला.

मग खरी गोष्ट सुरू झाली. गाणी कमी झाली म्हणून पैसे कमी करा, असे आमच्यातल्या काहींनी म्हटले. खजिनदाराकडे तसेही पुरेसे उरले नव्हते. त्या बाई आणि त्यांची माणसे रात्री दीड वाजेपर्यंत समाजमंदिराच्या पायरीवर बसून होती. जवळ स्वच्छतागृह नव्हते. कोरसमधली एक मुलगी झोपून गेली होती. शेवटी ठरलेल्यातले निम्म्याहून थोडे अधिक देऊन आम्ही त्यांना गाडीत बसवले. जाताना त्या जय भीम म्हणाल्या. बाकीचे पैसे नंतर पाठवू म्हणालो होतो. पाठवले, पण चार महिन्यांनी, आणि तेही पुन्हा कार्यक्रम ठरवायचा होता म्हणून.

यात आमच्यापैकी कोणीही वाईट माणूस नव्हता. सगळे वर्गणीसाठी उन्हातान्हात फिरलेले कार्यकर्ते होते. पण स्टेजचा, मंडपाचा, डीजेचा भाव ठरलेला आणि गाणाऱ्या माणसाचा भाव आपल्या मर्जीवर, अशी आमची पद्धत होती. समाजाचे काम आहे, थोडे सांभाळून घ्या, हे वाक्य आम्ही गायिकेला सांगितले. डीजेवाल्याला सांगायची हिंमत झाली नाही.

वाट जुळवणे

राहुटीतून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे तारखांची वही. १४ एप्रिलच्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या प्रत्येक वस्तीला गायक हवा असतो. त्यामुळे त्या दिवशी भाव आकाशाला भिडतात आणि नवख्या पार्ट्याही मोठी रक्कम मागतात. पण गावाकडच्या जयंत्या मे अखेरपर्यंत चालतात. त्यांच्या तारखा मात्र प्रत्येक मंडळ आपापली ठरवते. शेजारच्या गावात काय आहे, हे मिरवणुकीच्या दिवशी कळते.

एक हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा कल्याणहून आठ जणांची पार्टी एका गाडीने शिरवळला आली. जाण्यायेण्याचा गाडीखर्च १२,००० रुपये. एकच कार्यक्रम असेल तर तो सगळा खर्च त्या एका बिदागीतून जातो. आता शिरवळ, वाई, सातारा आणि कराड इथल्या मंडळांनी आधी बोलून सलग चार दिवस ठरवले, तर गाडी थोडी जास्त फिरेल, खर्च १८,००० होईल. पण तो चार ठिकाणी वाटला तर प्रत्येकी ४,५०० रुपये. म्हणजे दर कार्यक्रमामागे ७,५०० रुपये वाचले. ते मंडळाने ठेवायचे की कलावंताला द्यायचे, यावर वाद घालता येईल. निम्मे निम्मे केले तरी ढोलक वाजवणाऱ्या मुलाच्या हातात जास्त पैसे पडतील. शिवाय पार्टीला चार रात्रींचे काम एकदम मिळाले, मधले दिवस रिकामे गेले नाहीत.

याला मुक्कामाची जोड हवी. चार दिवस फिरायचे तर पार्टी कुठे राहणार? प्रत्येक तालुक्यात आपले विहार आहेत. दारे-खिडक्या, पाणी आणि महिलांसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह, एवढे असले तरी पुरे. शिरवळजवळ डोंगरात बौद्ध लेणी आहेत. एक चैत्य आणि बाकी लहान लहान विहार. आपल्याकडची अशी लेणी बहुतेक वाहत्या वाटांच्या आसपास कोरली गेली. चारिका करणारा भिक्खू आणि माल घेऊन चाललेला व्यापारी या दोघांनाही रात्री टेकायला जागा लागायची. तरुणांना लेणी दाखवायला नेतो तेव्हा आम्ही शिल्प आणि शिलालेख सांगतो. मुक्कामाची ही गोष्टही सांगायला हवी.

दुसरी गोष्ट कागद. राहुटीत इसारपावती तरी होते. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवरचा अंगठा म्हणजे करार. एका पानात मावेल इतकेच लिहायचे आहे: तारीख, वेळ, माणसे किती, एकूण बिदागी, इसार, बाकी रक्कम कार्यक्रमाआधी द्यायची, वळीव पाऊस किंवा पोलिसांमुळे कार्यक्रम थांबला तर किती द्यायची, जेवण, मुक्काम, परतीची गाडी. पोलीस परवानगी आणि ध्वनिक्षेपकाची वेळ ही मंडळाची जबाबदारी, हेही त्यात यावे. आम्ही त्यात आणखी एक ओळ घालावी असे म्हणतो: पैसे पार्टीच्या मालकाला दिले तरी प्रत्येक कलावंताचे मानधन त्या पानावर लिहिलेले असावे. यावर काही पार्टीमालक रागावतील. आमच्याशी बोलताना एक जण रागावलेही. आमच्या घरातला हिशोब तुम्ही कशाला पाहता, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही, पण कोरसच्या मुलीला दोन तासांचे किती मिळतात हे आपण विचारणार नसू, तर उचलीच्या पद्धतीला नावे ठेवायचा हक्क आपल्याला राहत नाही.

सरकारी कागदही तिथल्या तिथे करून घेता येतात. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे, १६ ते ५९ वयाच्या कोणालाही ती करता येते. ज्येष्ठ कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे. अर्ज भरताना कलेचे पुरावे लागतात: पत्रिका, कात्रणे, प्रमाणपत्रे. आयुष्यभर गायलेल्या माणसाकडे यातले काहीच नसते, कारण मंडळांनी कधी साधे पत्रही दिलेले नसते. प्रत्येक जयंती मंडळाने आपल्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्यायला काहीही खर्च येत नाही.

शिरवळलाच का

नारायणगाव हे फडांचे केंद्र झाले ते एका दिवसात नाही. रस्ता, जवळपासची जत्रांची गावे आणि तिथे राहणारी कलावंत घराणी यांनी ते घडवले. शिरवळला यातल्या दोन गोष्टी आहेत. पुण्याहून पन्नासेक किलोमीटर, नीरेच्या काठी, सातारा जिल्ह्याच्या तोंडाशी, महामार्गावर. मुंबई-पुण्याची पार्टी दक्षिणेकडे निघाली की इथूनच जाणार. औद्योगिक वसाहतीमुळे मराठवाडा-विदर्भातून आलेले कामगार इथे राहतात, त्यात बौद्ध तरुण भरपूर आहेत आणि गाणारे-वाजवणारेही. आणि शेजारीच नायगाव. सावित्रीबाईंच्या जन्मगावी ३ जानेवारीला महाराष्ट्रभरातून माणसे येतात, त्यात शाहीर, गायक, पथनाट्यवाले असतातच. एप्रिलच्या तारखा ठरवायला जानेवारी हा अगदी योग्य महिना.

म्हणून आमचा विचार असा की ३ जानेवारीनंतरच्या पहिल्या रविवारी शिरवळला एक दिवस बसावे. सातारा-सांगलीतली जयंती मंडळे एका बाजूला, गायन पार्ट्या, जलसे, शाहीर दुसऱ्या बाजूला. सकाळी प्रत्येक पार्टीला पंधरा मिनिटे, त्यात निदान एक गाणे स्त्री कलावंताचे. दुपारी भिंतीवर एप्रिल-मेचे मोठे कॅलेंडर, ज्यावर मंडळे आपल्या तारखा लिहितील आणि शेजारच्यांशी बोलून सरकवतील. तमाशा कलावंतांनाही बोलावणे. बौद्ध असोत, मातंग असोत, कोल्हाटी असोत. त्यांना आपल्या स्टेजवर लावणी करायला नको, पण ढोलकी, सोंगाड्याची बतावणी, सवाल-जवाब हे त्यांच्याइतके कोणाला येते? नवा जलसा उभा करायचा असेल तर शिकवायला तेच लागतील. पार्टीकडून स्टॉलचे भाडे घ्यायचे नाही. लांबून येणाऱ्यांचा एसटीचा खर्च मंडळांनी वर्गणीतून उचलायचा.

याला विरोधही होईल. कला आणि चळवळ यांचा बाजार मांडता काय, असे आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारले. बाजार आजही आहेच, दादा. फक्त तो मध्यरात्री समाजमंदिराच्या पायरीवर भरतो आणि एकाच बाजूला वही असते.

चहा, जेवण आणि सतरंज्या आमच्याकडे. येणाऱ्या मंडळांनी गेल्या वर्षीची जमाखर्चाची वही सोबत आणावी. डीजे, मंडप, फ्लेक्स आणि कलावंत, हे चार आकडे आधी एकाखाली एक फळ्यावर लिहू आणि मगच गाणे ऐकायला बसू.